कंस सोडवताना अडलंय ते

ताई, तुमच्या मुलाचं ३(क्ष − ४) = २क्ष + ५ याचं उत्तर ९ येतंय ना? म्हणजे कंस सोडवताना त्यानं ३क्ष − ४ लिहिलंय. माझ्या पोरीची वही अशाच ४ नी भरलेली होती. नियम दहादा सांगून काही उपयोग झाला नाही, शेवटी बेळगावची मिठाई, आपला कुंदा कामी आला. कुंद्याचा एक बॉक्स क्ष रुपयांना, दुकानदारानं प्रत्येक बॉक्समागं ४ रुपये सोडले, तू तीन घेतलेस. मग सूट किती? "बारा की!" झालं. ३क्ष − १२ = २क्ष + ५, म्हणून क्ष = १७. पडताळा करायलाच लावा: ३ × १३ = ३९ आणि ३४ + ५ = ३९.

ट्यूशन कन्नडमधून आहे म्हणून घाबरू नका. बीजगणित, समीकरण हे शब्द तिकडंही तेच. क्षसारख्या अक्षराला आपण 'चल' म्हणतो, त्याला तेवढं 'चराक्षर' म्हणतात. आणि क्षचीच धास्ती असेल तर दुसरं काहीही लिहू दे. भास्कराचार्य (जन्म १११४) अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं द्यायचे. आमच्या पोरीनं महिनाभर 'कुं' लिहिलं, सरांनी एकदाच कपाळाला आठ्या घातल्या.