८ तारखेला हॉल तीनच्या आधी नाही

प्रेषक: सचिव
बुधवार, ७ ऑक्टोबर

मंडळी,

हॉलवाल्या बाईंचा फोन येऊन गेला. ८ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाला, सकाळी दहा ते अडीच हॉल आपल्याला नाही. त्या दिवशी रिमेम्ब्रन्स संडे, इथे स्कॉटलंडात युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार. अकराला युद्धस्मारकापाशी दोन मिनिटं स्तब्धता, पुष्पचक्र, आणि मग सगळं गाव हॉलमध्ये सूप प्यायला. मार्चमध्ये आपण "रविवार, दिवसभर" असं लिहून दिलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं. त्यांनी दिवाळी पाहिली नाही, आपण नोव्हेंबरचा दुसरा रविवार पाहिला नाही. बाई दोनदा सॉरी म्हणाल्या, तेव्हा त्यावरून त्यांना कुणी फोन करू नये.

शनिवार विचारला. ७ ला शिंटीच्या (हॉकीसारखा इथला खेळ) मैदानावर बॉनफायर, हॉलमध्ये बर्गर. पुढचा रविवार, १५, मोकळा आहे.

८ ला तीन वाजता किल्ली, रात्री दहाला कुलूप. काय करायचं ते शुक्रवारपर्यंत कळवा. चकल्यांचं नंतर बोलू.

---

प्रेषक: आप्पा
बुधवार, ७ ऑक्टोबर

पंधराला लक्ष्मीपूजन? भाऊबीज होऊन चार दिवस झालेले असतील. मग तुळशीचं लग्नही त्यातच उरकून टाकू!

हॉल सकाळपासून हवा असं मी गेल्या सभेतच म्हटलं होतं, इतिवृत्त काढून बघा. पूजा इथल्या साडेबाराला व्हायची आहे. २५ ऑक्टोबरला घड्याळं मागे गेली की आपल्यात आणि पुण्यात साडेपाच तास. तिथे सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे इथे साडेबारा. गुरुजी व्हिडिओवर येतात, त्यांना त्या संध्याकाळी आणखी चार दुकानं करायची असतात. तीन वाजता किल्ली घेऊन मी कुणाची पूजा करू?

मंडळाची पहिली दिवाळी माझ्या गॅरेजमध्ये झाली होती, ते नव्या मंडळींना माहीत नसेल.

---

प्रेषक: वहिनी, एव्हीमोर
बुधवार, ७ ऑक्टोबर, रात्री

आप्पा, गॅरेज सगळ्यांना माहीत आहे.

पण सूर्यास्त कुणाचा धरायचा? लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, म्हणजे सूर्य मावळल्यावर. साडेबाराला आपल्याकडे ऊन असतं (असलं तर). सूर्य पुण्यात मावळणार आणि दिवे आपण इथे भर दुपारी लावणार, हे मला दरवर्षी खटकतं. गेल्या वर्षी पणत्या लागल्यात की नाही ते वाकून बघावं लागत होतं. इथे त्या दिवशी सव्वाचारच्या आसपास सूर्य जातो. अमावास्याही बसते, इथल्या घड्याळाने ८ ला पहाटे सहाच्या सुमाराला लागते आणि ९ ला सकाळी सातपर्यंत असते. पंचांग समोर ठेवून लिहितेय.

म्हणजे तीनला किल्ली, सव्वा तास रांगोळी आणि आरास, अंधार पडला की पूजा. हॉलवाल्यांनी आपल्यावर उपकारच केलेत.

रांगोळी कागदावर काढायची हं. बॅडमिंटनच्या पट्ट्यांवरचा गुलाबी डाग अजून आहे.

---

प्रेषक: भाऊ (पर्थ)
गुरुवार, ८ ऑक्टोबर

एव्हीमोरवाल्यांना बोलायला काय जातं, वीस मिनिटांत घरी. सव्वाचारला पूजा म्हणजे फराळ साडेपाचला, मुलांचे कार्यक्रम सातला, जेवण आठला. त्यानंतर आम्ही चार गाड्या ए-९ ने ड्रमॉक्टरची खिंड ओलांडून परतायचं. दोन वर्षांपूर्वी डॅलव्हिनीला बर्फात रस्ता बंद करणारं फाटक लागलं, तेव्हा आम्ही गाडीत बसून रात्री अकराला अनारसे खाल्ले होते. छान झाले होते, प्रश्न तो नाही.

रेल्वे म्हणाल तर तीही त्याच खिंडीतून जाते, ब्रिटनच्या रेल्वेवरची सगळ्यांत उंच जागा, ४५२ मीटर. शिवाय रविवारचं वेळापत्रक.

आमचं मत १५. नाहीतर मुलांचे कार्यक्रम कापा. एकाच बालगीतावर तीन नाच कशाला?

---

प्रेषक: बंड्या
गुरुवार, ८ ऑक्टोबर

नाच कापू नका, माझी मुलगी आहे त्यात.

फटाक्यांचं मी बघतो. स्कॉटलंडात एरवी रात्री अकरापर्यंतच उडवता येतात, पण दिवाळीच्या रात्री एकपर्यंत मुभा आहे. ती पंधराला मिळणार नाही, म्हणून माझं मत ८. दुकानदार संध्याकाळी सहानंतर विकत नाहीत आणि एका वेळी पाच किलोच देतात, म्हणून इन्व्हरनेसला दोन फेऱ्या माराव्या लागतील. पेट्रोल मंडळाकडून.

---

प्रेषक: माई
गुरुवार, ८ ऑक्टोबर

बंड्या, रात्री एकपर्यंत कुणासाठी उडवणार आहेस? हॉल दहाला बंद होतो.

आणि त्या दिवशी फटाके नकोतच. हॉलमागे मेंढ्या आहेत, त्यांना आदल्या रात्रीचा बॉनफायर पुरेसा होतो. माझ्या शेजारचे आजोबा फॉकलंडच्या युद्धात होते. ५ तारखेच्या, गाय फॉक्सच्या फटाक्यांपासून ते टीव्ही मोठा करून बसतात, बाहेर धाडकन झालं की ऐकू येऊ नये म्हणून. ते मी भिंतीपलीकडून ऐकते.

सगळे हॉल हॉल करताहेत म्हणून लिहिते. माझं आजोळ साताऱ्याकडचं. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी होती. या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच. नाव एकाचंही नाही, नुसते आकडे. आम्ही पोरं तिला पाठ टेकून फुटाणे खायचो. इथल्या स्मारकावर नावं आहेत, आणि दर वर्षी कुणीतरी ती मोठ्याने वाचतं. पहिल्या वर्षी मी नुसती बघायला गेले होते, आता कोट घालून वेळेवर जाते. तुम्हीही अकराला या. मग सूप, मग तीनला किल्ली. मसुरीचंच सूप असतं, आमटीच म्हणा, फक्त फोडणी विसरलेली.

येणार असाल तर पॉपी (स्मरणासाठी कोटावर लावायचं लाल फूल) इथलीच घ्या, चार पाकळ्यांची, बिनपानाची. लंडनहून आणलेली लगेच ओळखतात. बोलत कुणी नाही, पण बघतात.

---

प्रेषक: बंड्या
गुरुवार, ८ ऑक्टोबर

बरं, फुलबाज्या. पेट्रोल तरीही.

---

प्रेषक: आप्पा
शुक्रवार, ९ ऑक्टोबर

माईंचं पटलं. आपल्या माणसांचाही या दिवसाशी संबंध आहे, हे मुलांना सांगायला हवं. किंग्यूसीच्या दफनभूमीत आपले नऊ सैनिक आहेत, दुसऱ्या महायुद्धातले. मराठा रेजिमेंटचे. मी भाषण करीन, पंधरा मिनिटं.

---

प्रेषक: भाऊ (पर्थ)
शुक्रवार, ९ ऑक्टोबर

आप्पा, मराठा रेजिमेंटचे नव्हेत. ते फोर्स के-६ चे, हिंदी सैन्यातल्या खेचरांच्या कंपन्यांतले, बहुतेक पंजाबकडचे मुसलमान. थडगी जाऊन बघा, नावं स्वच्छ वाचता येतात.

मराठे हवे असतील तर पहिल्या महायुद्धातलं, इराकमधलं कूत-अल-अमारा सांगा. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथे वेढ्यात अडकली, त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. नाहीतर माणगावचे यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटली, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे. माझी एस.टी. तिथे थांबायची, मी वडापाव खात तो बघायचो. वाचून दाखवायला पाच मिनिटं लागतात.

---

प्रेषक: आप्पा
शुक्रवार, ९ ऑक्टोबर

के-६ मला माहीत होतं. घाईत लिहिलं.

---

प्रेषक: वहिनी, एव्हीमोर
शुक्रवार, ९ ऑक्टोबर

माणगावचा वडापाव मलाही आठवतो, पण चकल्यांचं काय? हॉलच्या नियमांत तळण बसत नाही. गेल्या वर्षी "थोडंसंच" म्हणून कढई ठेवली आणि धुराचा भोंगा वाजला, शंभर माणसं थंडीत बाहेर उभी होती. या वेळी तळण घरी करून आणायचं. मी भाजणी देते, चार किलो. सोऱ्या कुणाकडे आहे? मंडळाचा पितळी, चांदणीच्या चकतीचा.

---

प्रेषक: भाऊ (पर्थ)
शुक्रवार, ९ ऑक्टोबर

सोऱ्या गेल्या वर्षी आप्पांकडे गेला होता.

---

प्रेषक: आप्पा
शुक्रवार, ९ ऑक्टोबर

माझ्याकडे नाही. मी फक्त चौरंग आणि समई नेतो, यादी आहे.

---

प्रेषक: सचिव
शनिवार, १० ऑक्टोबर

आलेल्या उत्तरांवरून असं ठरलं आहे.

तारीख ८ च. हॉल तीनपासून. पूजा सव्वाचारनंतर, इथल्या सूर्यास्ताने. आप्पा पुण्याच्या गुरुजींबरोबर साडेबाराला घरी पूजा करून येतील, त्यांच्याशी फोनवर बोलले. आरती तेच सांगतील, ही त्यांची अट आहे आणि ती मान्य आहे. मुलांचे कार्यक्रम पूजेनंतर लगेच, तिन्ही नाच राहतील, पण गाणं एकदाच वाजेल आणि तिन्ही गट एकत्र नाचतील. पर्थवाल्यांची पंगत आधी, साडेसहाला. फटाके नाहीत, फुलबाज्या गाड्यांच्या तळापासून लांब, पाण्याची बादली बंड्याकडे. पेट्रोलचं खजिनदार बघतील.

बाईंना आज भेटले. सकाळी सूप वाढायला दोन माणसं कमी पडताहेत म्हणाल्या. मी माईंचं आणि माझं नाव दिलं. मंडळाकडून पुष्पचक्र ठेवलं तर चालेल का, हेही विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण रांग ठरलेली असते, तुम्ही शिंटी क्लबच्या मागे आणि ब्राउनीजच्या (छोट्या गर्ल गाइड मुलींच्या) पुढे. कोण ठेवणार ते आपसात ठरवा, इथे लिहू नका.

भाषण भाऊ करतील, पाच मिनिटं, फराळाच्या आधी.

---

प्रेषक: आप्पा
शनिवार, १० ऑक्टोबर

पुष्पचक्राबद्दल सचिवांना फोन करतो.

---

प्रेषक: वहिनी, एव्हीमोर
रविवार, ११ ऑक्टोबर

सोऱ्या सापडला. आप्पांच्या गॅरेजमध्ये, काकूंनी फोटो पाठवलाय. चकती मात्र शेवेचीच आहे, चांदणीची नाही. ती कुणाकडे आहे?