अ‍ॅनिमे, मांगा, जपानी कादंबऱ्या : तुम्ही कुठे थांबलात? (अनुभव धागा)

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) बघणारे आणि मांगा (जपानी कॉमिक्स) वाचणारे खूप वाढलेत, पण बोलणं सगळं कुठलं भारी आणि कुठलं बंडल एवढ्यावरच संपतं, म्हणून हा धागा काढतेय. अख्खी स्टोरी सांगत बसू नका, ती कुठेही मिळते. कुठल्या सीनला, कुठल्या पानाला तुम्ही थांबलात आणि का, ते लिहा. स्पॉयलर बिनधास्त येणार आहेत, ज्यांना नको असतील त्यांनी इथूनच परत फिरा.

सुरुवात मी करते. फ्रीरेन ही अ‍ॅनिमे मालिका. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं, पहिला सीझन २८ भागांचा, मॅडहाउसने केलेला. हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ जादूगार, तिच्यासाठी दहा वर्षं म्हणजे आपला एखादा आठवडा. हिमेल नावाचा वीर आणि बाकीच्यांबरोबर ती दहा वर्षं फिरते, मग सगळे आपापल्या वाटेने जातात, आणि पन्नास वर्षांनी उल्का बघायला ती परत येते तर हिमेल म्हातारा झालेला, टक्कल पडलेला. थोड्याच दिवसांत तो जातो. त्याच्या अंत्यविधीला ती उभी आहे, लोक कुजबुजतात की हिला काहीच कसं वाटत नाही, आणि मग ती एकदम रडायला लागते. माणसं थोडंच जगतात हे माहीत होतं तरी मी त्याला समजून का नाही घेतलं, असं म्हणत.

माझी आजी २०२२ ला गेली. दहाव्याला तिची एक मैत्रीण आली होती माहेरच्या गावची, काठी टेकत आलेली, आणि तिने सहज सांगितलं की तुझी आजी लग्नाआधी गावच्या विहिरीत वरच्या काठावरून सूर मारायची, पोरं सुद्धा घाबरायची तिथून. मी सव्वीस वर्षं एका घरात राहिले तिच्याबरोबर, एका गोधडीत झोपले, तिला पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नाही. पहिल्या भागानंतर मी लॅपटॉप बंद केला आणि चार दिवस दुसरा भाग लावला नाही.

•

वाचतोय. छान धागा, थोडं लांबेल माझं.

आम्ही मूळचे उमरगा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सहा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन सगळे दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला ते झालं, किल्लारीचा भूकंप. आमचं घर साधंसं होतं, पत्र्याचं, म्हणून आम्ही वाचलो. माझ्या मावशीचं घर दगडमातीचं, जाडजूड भिंतींचं, गावात त्या घराचा मान होता. ती त्याच घरात गेली. गौरीला आमच्याकडे आली होती, निघताना उंबऱ्यात आईला म्हणाली, येते गं.

सुझुमे हा अ‍ॅनिमे सिनेमा इथे थिएटरला लागला २०२३ च्या एप्रिलमध्ये, मी पुण्यात भाच्याच्या आग्रहाने गेलो, मला वाटलं लहान मुलांचं काहीतरी असेल, खुर्ची बोलते पळते वगैरे. ती तीन पायांची खुर्ची सुझुमे या मुलीच्या आईने केलेली असते आणि आई ११ मार्च २०११ च्या भूकंपात, त्सुनामीत गेलेली. मुलीची लहानपणची डायरी आहे त्यात, रोज चित्र काढून दोन ओळी लिहिलेली, आणि ११ मार्चपासून पुढची पानं नुसती काळी. खडूने गच्च रंगवून काळी केलेली. मला घाम फुटला तिथे. कारण मी पण त्या वेळी पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत बाईंनी चित्र काढायला सांगितलं की नुसतं कागद काळा करायचो, आई अजून सांगते.

आणि शेवटी भूकंप थांबवताना त्या दिवशी सकाळी घराघरातून निघालेल्या लोकांचे आवाज ऐकू येतात. जपानीत घरातून निघताना म्हणतात इत्तेकिमास, म्हणजे जाऊन येतो. घरातले म्हणतात इत्तेराश्शाई, जाऊन ये. खाली इंग्रजी सबटायटल होतं पण ते मी वाचलंच नाही, मला सरळ मराठीत ऐकू आलं. आपल्याकडेही जाते म्हणत नाहीत ना, येते म्हणतात. भाचा विचारत होता मामा काय झालं, मी त्याला बाहेर आल्यावर गाडीत बसून सगळं सांगितलं, त्याला किल्लारी हे नाव फक्त स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून माहीत होतं.

सुझुमे करणाऱ्या मकोतो शिनकाई या माणसाचे मी आता बाकीचेही बघितलेत, बरे आहेत, पण हा एकच माझा.

•

वरच्या प्रतिसादाला काय लिहू कळत नाही दादा. नमस्कार.

•

मी व्हिनलंड सागा, वायकिंग लढवय्यांची गोष्ट. मांगा २००५ ला सुरू झालेला, २०२५ च्या जुलैमध्ये संपला, म्हणजे वीस वर्षं. माकोतो युकिमुरा. बरेच लोक म्हणतात पहिला सीझन भारी, मारामारी, सूड, आणि दुसरा बोअर, कारण दुसऱ्यात नुसती शेती आहे. मला उलटं वाटतं, मला दुसराच सीझन पाठ आहे.

नायक थोरफिन गुलाम म्हणून एका शेतावर येतो, त्याला आणि एइनार या दुसऱ्या गुलामाला जंगलाचा एक तुकडा देतात, साफ करा, गहू पेरा, त्यातून स्वतःची किंमत चुकती करा आणि सुटा. झाडं पाडणं सोपं असतं हो, खोड काढणं हे खरं काम. ते दोघं बुंध्याच्या भोवती खणतात, मुळ्या तोडतात, दोर लावून ओढतात, ते हलत नाही. आमच्या जालन्याकडच्या रानात बाभळीचं एक खोड होतं बांधाजवळ, मी आणि माझे वडील पहार आणि कुऱ्हाड घेऊन तीन दिवस लागलो होतो, शेवटी शेजाऱ्यांची बैलजोडी मागून आणली. त्यात पण तसंच, एका म्हाताऱ्याकडून घोडा मागून आणतात, बदल्यात त्याची कामं करून देतात. हे ज्याने काढलंय त्याने नक्की कोणाला तरी खोड काढताना नीट बघितलंय, कारण शेवटची मूळ तुटताना खोड एकदम हलकं होतं आणि आपण मागे पडतो, ते मला अंगात जाणवलं.

मग गव्हाचे कोंब येतात. सकाळी उठून बघतात तर हिरवं. आणि मग तिथले जुने गडी जळफळाटाने ते कोंब उपटून टाकतात. आमच्याकडे रोही येतात, रात्रीत दोन एकर हरभरा साफ. वडील त्या सकाळी बांधावर नुसते उभे राहिले होते, शिवी पण नाही दिली. थोरफिनने आयुष्यभर माणसं मारलेली असतात आणि त्याला पहिल्यांदा कळतं की आपण लढायांत तुडवलेली शेतं कोणाची तरी होती. एवढं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांना मोबाईलवर ते दोन भाग दाखवले मी, भाषा कळत नव्हती त्यांना, बघत बसले आणि म्हणाले, गहू दाट पेरलाय.

•

माझं मत थोडं वेगळं आहे आणि मला माहीत आहे लोक चिडतील. डेमन स्लेयर या मालिकेचा सिनेमा, इन्फिनिटी कॅसल. १२ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडे लागला, मी पहिल्याच दिवशी पहाटेचा शो, ठाण्यातून तिघं मित्र अंधारात बाइकवर. हॉल फुल्ल. सगळे डायलॉग आधीच पाठ असलेली पोरं, नायक तांजिरोची एंट्री झाली की जल्लोष. हा अनुभव मी विसरणार नाही, शाळेत आम्ही चौघंच होतो हे बघणारे आणि आता अख्खा हॉल.

पण सिनेमा म्हणून तो मला तुटक वाटला. अडीच तासांहून जास्त, आणि ऐन लढाईत कॅमेरा मागे भूतकाळात जातो, एकदा नाही, परत परत. मांगा वाचताना हे चालतं कारण आठवड्याला एकच प्रकरण मिळतं, मध्ये आपल्याला वेळ असतो. सलग बसून बघताना दम तुटतो.

तरी अकाझा या राक्षसाचं जे आहे ना. त्याच्या अंगावरच्या निळ्या पट्ट्या आपण इतकी वर्षं डिझाइन समजत होतो, आणि हातावरच्या त्या मुळात चोरीची शिक्षा म्हणून गोंदलेल्या खुणा निघतात, आजारी बापाच्या औषधासाठी केलेली चोरी. तिथे हॉल गप्प झाला. शिट्ट्या मारणारी तीच पोरं. माझ्या शेजारचा एक मुलगा, ओळख ना पाळख, त्याने मला रुमाल मागितला. मी हिंदी डबमध्ये परत बघितला घरच्यांबरोबर, आईला मूळ आवाजापेक्षा तो जास्त भावला, म्हणून डबला नावं ठेवणाऱ्यांशी मी आता वाद घालतो.

•

फ्लॅशबॅकबद्दल +१. अकाझाबद्दल पण +१.

•

मी कोल्हापुरात मेडिकल दुकान चालवते, बी.फार्म. अपोथेकरी डायरीज माझ्या मुलीने लावलं आणि आता ती झोपली तरी मी बघते. माओमाओ ही मुलगी औषधं ओळखणारी, चीनसारख्या एका काल्पनिक दरबारात दासी म्हणून येऊन पडलेली. पहिल्याच भागात राण्यांची तान्ही बाळं आजारी पडतायत आणि सगळे म्हणतायत शाप आहे. ती ओळखते की चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीत विष आहे. शिसं. स्वतःच्या स्कर्टची चिंधी फाडून त्यावर लिहून फुलांच्या फांदीला बांधून खिडकीत ठेवते, कारण दासीचं तोंडी कोण ऐकणार. एक राणी ऐकते, तिची मुलगी वाचते. दुसरीचा मुलगा जातो.

माझ्या काउंटरवर रोज कोणीतरी गोरं होण्याची बिननावाची क्रीम दाखवून विचारतं, ही आहे का, शेजारणीने दिली, पंधरा दिवसांत फरक पडतो. मी नको म्हणते, समजावते, निम्म्या ऐकतात. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो हे सांगितलं की हसतात. त्या चिंधीची मला फार आठवण येते अशा वेळी.

•

तोत्तोचान कोणीच कसं लिहिलं नाही!! चेतना सरदेशमुख गोसावींचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टचा, आमच्या पिढीतल्या किती घरांत आहे तो, माझ्या प्रतीचं कव्हर गेलंय आणि मधली पानं चिकटपट्टीने जोडलीत. मूळ पुस्तक १९८१ चं. त्यावर डिसेंबर २०२३ मध्ये जपानात अ‍ॅनिमे सिनेमा आला हे मला खूप उशिरा कळलं. नऊ वर्षांच्या लेकीबरोबर बघितला.

मला भीती होती. ते रेल्वेचे डबे, ते वर्ग, कोबायाशी सर, डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं, हे सगळं माझ्या मनात इतकं पक्कं होतं की दुसऱ्याचं चित्र नको होतं. पण पहिल्या दहा मिनिटांत विसरले. आधी रंग सगळे फुलांसारखे, आणि मग हळूहळू, कोणी काही न सांगता, जग आक्रसत जातं. स्टेशनवरच्या मशीनमधल्या कॅरमेलच्या गोळ्या संपतात. डब्यातलं कमी कमी होतं. लेक विचारायला लागली, आई यांच्याकडे खाऊ का नाहीये आता.

पोलिओ झालेला यासुआकी-चान जातो. पुस्तकात ते प्रकरण मी दरवेळी पटकन उलटते. सिनेमात तोत्तो तिथून निघून पळत सुटते, आणि ती रस्त्यातून पळतेय आणि आजूबाजूला सैनिकांना निरोप देणारी गर्दी, जखमी माणसं, कोणाच्या तरी अस्थी घेऊन उभ्या असलेल्या बाया, आणि ती पळतच असते. त्या एका धावण्यात अख्खं युद्ध येऊन जातं. लहानपणी मला हे पुस्तक फक्त छान शाळेचं वाटायचं. त्याच्या मागे युद्ध चालू होतं आणि ती शाळा शेवटी हवाई हल्ल्यात जळाली हे वाचलेलं होतं, पण ते मी आता पाहिलं.

लेकीने दुसऱ्या दिवशी डब्यात समुद्रातलं काय देशील विचारलं. आम्ही शाकाहारी. मीठ, म्हटलं. तिला चाललं.

•

तोक्योतून. निशिकासाईला राहते, इथे आपले भरपूर लोक आहेत. मी सायाका मुराताची कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन लिहिते, २०१६ ला अकुतागावा पारितोषिक मिळालेली छोटीशी कादंबरी. केइको ३६ वर्षांची, १८ वर्षं एकाच दुकानात पार्टटाइम, लग्न नाही, दुसरी नोकरी नको, आणि सगळे तिला दुरुस्त करायला निघालेत. तिला मात्र दुकानात उभी राहिली की बरं वाटतं, दाराची घंटा, नाण्यांचा आवाज, यावरून तिला कळतं गिऱ्हाईक काय घेणार.

माझ्या घराखाली असंच कोनबिनी, म्हणजे कन्व्हिनियन्स स्टोअर, आहे. रात्री उशिरा ऑफिसातून येऊन ओनिगिरी (भाताचा गोळा) घेते, त्या प्लास्टिकवर १, २, ३ असे आकडे असतात, त्या क्रमाने ओढलं की नोरी (वरचं समुद्री शेवाळ) कुरकुरीत राहते, ते मला तिथल्याच एका बाईंनी शिकवलं, माझी जपानी तेव्हा अगदी एन-फाइव्हची, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीची. भारतातून फोन आला की पहिला प्रश्न लग्नाचा, दुसरा परत कधी येणार, आणि त्या बाई फक्त विचारतात, अतातामेमास का, गरम करून देऊ का. काही महिने मला दिवसभरात कोणी माझ्या सोयीचं विचारलेलं तेवढंच असायचं. कादंबरी वाचल्यावर मी त्यांना पहिल्यांदा नीट बघितलं, पाटीवरचं नाव वाचलं. कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) वाचता आली, याचा वेगळा आनंद.

•

छोटंसं. लुक बॅक, मांगा काढणाऱ्या फुजिनो आणि क्योमोतो या दोन मुलींचा ५८ मिनिटांचा सिनेमा. इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेच्या वेळी माझ्या बाकावर एक मुलगी होती जिचे हात माझ्यापेक्षा चांगले होते, मी तिच्यामुळे रोज दोन तास स्केच करायचे. ती शाळा सोडून गेली, पत्ता नाही. फुजिनो पावसात उड्या मारत घरी जाते ना, कारण क्योमोतोने तिला सेन्सेई (गुरू) म्हटलेलं असतं, ते मी तीनदा मागे नेऊन बघितलं. ती मुलगी एकदा म्हणाली होती, तुझा पाण्याचा वॉश माझ्यापेक्षा स्वच्छ येतो. मी पण त्या दिवशी तशीच गेले होते घरी.

•

धागाकर्ती. सगळे वाचतेय, दोनदा वाचतेय. उमरग्याचे दादा, तुमच्या मावशींचं नाव काय होतं ते इथे नका लिहू, पण भाच्याला नक्की सांगा.

काल आजीच्या त्या मैत्रिणीचा नंबर काकूकडून मिळवला आणि फोन केला. ऐकू कमी येतं त्यांना, मी कोण हे तीनदा सांगावं लागलं, मग एकदम म्हणाल्या, अगं विहीर आहे की अजून, कठडा पडलाय पण पाणी आहे. रविवारी जातेय. विचारायचे प्रश्न वहीत लिहून काढलेत, आत्तापर्यंत अकरा झाले.

बाकीच्यांनी लिहा, थांबू नका. हायक्यूवाले (ते व्हॉलीबॉलचं अ‍ॅनिमे) कुठे गेले सगळे?