मदत हवी आहे: विमानवाहू जहाजावर स्की-जंप बरा की कॅटापल्ट?

नमस्कार मंडळी. 2016 ला ज्या लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथलं आमचं लेकरू वक्तृत्व स्पर्धेत विमानवाहू जहाजांवर बोलणार आहे! तयारी माझ्या गळ्यात.

विक्रांतवर डेकचं (जहाजावरच्या धावपट्टीचं) टोक वर उचललेलं, तोच स्की-जंप. त्यावरून मिग-29के हे लढाऊ विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावरच उडतं, म्हणून इंधन-शस्त्रांचं ओझं कमी न्यावं लागतं. कॅटापल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून जोरानं पुढं फेकणारं यंत्र, असेल तर हॉकआयसारखं जड रडार-विमानही उडतं. आपल्याकडे ते काम कामोव्ह-31 हेलिकॉप्टरवर भागतंय. चीनच्या फुजियान जहाजावर विद्युतचुंबकीय कॅटापल्ट आहे, तेही अणुभट्टीशिवाय.

घोळ इथं होतो: राफेल-एम हे नौदलाचं लढाऊ विमान फ्रेंच जहाजावर कॅटापल्टनं उडतं, पण 2022 ला गोव्यात स्की-जंपवरूनही उडवून पाहिलं. मग नव्या जहाजासाठी आधी विमान ठरवायचं की कॅटापल्ट? नौदलातून निवृत्त कुणी असाल तर सांगा हो, स्पर्धा मंगळवारी आहे.