पाळणाघरात पालथं झोपवलं होतं…

ए-४०२: सोसायटीच्या ग्रुपवर जरा मोकळं व्हायचंय. आज पाळणाघराचा तिसरा दिवस. काम लवकर आटपलं म्हणून न कळवता गेले. बाळ पालथं झोपलेलं, एक गाल गादीत रुतलेला, मानेपर्यंत दुपटं, उशाला कापडी अस्वल. उचललं तर गालावर चादरीच्या शिवणीचा लाल वळ. तिथल्या ताई म्हणाल्या, "उताणा ठेवला की दचकून उठतो हो, असा दोन तास गाढ झोपतो." साडेतीन महिन्यांचा आहे, अजून आपणहून वळत नाही. मी उगाच घाबरतेय का?

सी-१०१: आमची दोन्ही पालथी झोपूनच मोठी झाली. टेन्शन घेऊ नकोस.

ए-७०३ (आजी): आमच्या वेळी तर डॉक्टरच सांगायचे, पालथं झोपवा. उलटी झाली तर घशात अडकू नये म्हणून.

बी-५०४ (डॉक्टर): आजी, तेव्हा खरंच तसं सांगत. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ साली सल्ला बदलला, पालथं झोपवू नका म्हणून. १९९४ मध्ये तिथे 'बॅक टू स्लीप' (झोपवताना पाठीवर) मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.
उलटीचं म्हणाल तर, बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं केलं की गणित उलटं होतं.

सी-१०१: पण गाढ झोपतो हे चांगलंच ना?

बी-५०४ (डॉक्टर): तीच तर भीती आहे. श्वासाला अडचण आली की बाळानं चुळबुळ करून जागं व्हायला हवं. पालथं बाळ सहज जागं होत नाही. त्यात तोंड गादीत, म्हणजे सोडलेलीच हवा परत आत.



ए-४०२: घरी आम्ही नेहमी उताणाच झोपवतो हो.

बी-५०४ (डॉक्टर): मग तर आजच बोल त्यांच्याशी. घरी उताणं झोपणारं बाळ दुसरीकडे अचानक पालथं ठेवलं, तर त्याला रोज पालथं झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त धोका असतो. मान उचलून तोंड वळवायचा सरावच नसतो त्याला. २००० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झोपेतल्या अचानक मृत्यूंपैकी सुमारे २० टक्के बाळं पाळणाघरात किंवा सांभाळणाऱ्यांकडे होती, आणि त्यातली साधारण एक तृतीयांश तिथल्या पहिल्याच आठवड्यात.

डी-२०६: मी अकरा वर्षं पाळणाघर चालवलंय, म्हणून त्या बाजूनं सांगते. नवं बाळ रडतं, त्याच्या आवाजानं आणखी तिघं उठतात, आणि एकाला पालथं केलं की खोली शांत. मोह होतो, खोटं कशाला बोलू. शिवाय काही आईबापच सांगून जातात, "त्याला पोटावरच झोप लागते." मी सरळ सांगायचे, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, नाहीतर उताणंच.
पलंगात फक्त कडक, सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर. उशी, लोड, खेळणी काही नाही. खोलीत पूर्ण अंधार करायचो नाही, चेहरा दिसला पाहिजे. दर पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन बघायचं, छाती हलतेय का, ओठांचा रंग कसा आहे, आणि तक्त्यावर वेळ टाकायची. दारातून डोकावणं म्हणजे बघणं नव्हे.

बी-३०१: आमची कारसीटमध्येच झोपते. पाळणाघरात तशीच ठेवतात, झोपमोड नको म्हणून.

बी-५०४ (डॉक्टर): पोचल्यावर सपाट जागेवर ठेवायला सांगा, उठली तरी चालेल. बसल्या झोपेत हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची वाट अरुंद होते. उतरत्या खुर्च्या आणि झुलेही झोपेसाठी नाहीत.

ए-७०३ (आजी): दुपटं नाही, तर गारठेल की पोर! आणि सारखं उताणं ठेवून डोकं चपटं होईल ते वेगळंच.

बी-५०४ (डॉक्टर): पांघरुणाऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी मिळते आजी. घरात टोपी नको. हातपाय गार लागतातच, मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर कपडे जास्त झालेत. डोक्यासाठी, जागं असताना कुणीतरी समोर बसून पोटावर खेळवा.

सी-१०१: आणि स्वतःच वळला तर?

बी-५०४ (डॉक्टर): दोन्ही बाजूंनी सहज वळायला लागला की झोपवताना उताणं, पुढे तो वळला तर राहू दे. मात्र वळायची धडपड दिसली त्या दिवसापासून घट्ट गुंडाळणं बंद.

ए-४०२: बोलले आत्ता फोनवर. ताई आधी फुगल्या, "इतकी मुलं सांभाळली आम्ही" वगैरे. डी-२०६ काकूंचं अंधाराचं सांगितलं तेव्हा जरा ऐकायला लागल्या. पलंगाला 'उताणं' अशी चिठ्ठी लावू म्हणाल्या. अस्वल उद्या परत आणते. त्याच्या झोपेच्या वेळी दोन दिवस मी तिथेच बसणार आहे.

ए-७०३ (आजी): दुसऱ्या दिवशी मी येते तुझ्याबरोबर. मला बघायचंय कसा उठतो ते.