पॅट्रिक कॅव्हनानं गाव सोडलं ही चूकच होती का?

बांधावरून
गेले दोन महिने हा आयरिश कवी कॅव्हना वाचतोय, मत मांडतो, पटलं नाही तर सांगा. आयर्लंडच्या मोनाघन काउंटीतलं इनिस्कीन हे त्याचं गाव, जन्म १९०४चा, वडील बूट शिवायचे आणि थोडी शेती. हा तेराव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडून त्यांच्याच हाताखाली बसला, मग वर्षानुवर्षं शेतात राबला आणि कविता लिहिल्या. १९३९ला सगळं सोडून डब्लिनला गेला आणि तिथे हाल झाले नुसते. पक्की नोकरी नाही, उधाऱ्या, दारू, भांडणं. त्याला स्वतःला पुढे पस्तावा झाला. माझ्या मते गावातच राहायला हवा होता.

निळीशाई
नाही पटलं. त्याची 'द ग्रेट हंगर' ही दीर्घ कविता १९४२ची आहे, म्हणजे डब्लिनला गेल्यानंतरची! त्यातला शेतकरी मॅग्वायर आई आणि चर्च यांच्या धाकात बिनलग्नाचा राहतो, आई जाते तेव्हा हा ६५ वर्षांचा. रोज त्याच शेजाऱ्यांच्यात उठबस असताना हे असं उघडं कोण लिहू शकेल? 'टॅरी फ्लिन' ही कादंबरीसुद्धा १९४८ची, तिच्यात गावची शेतं, आई, ती सगळी धडपड किती मायेनं आलीय. लांब गेल्यावरच त्याला गाव नीट दिसलं.

बांधावरून
पण लांब जाऊन दिसलेलं ते सगळं आधी शेतात राबताना साठवलेलंच ना? आणि किंमत बघा की. १९५४ला एका साप्ताहिकावर बदनामीचा दावा लावला तर उलटतपासणीला समोर साप्ताहिकाचे वकील, माजी पंतप्रधान कॉस्टेलो, दिवसचे दिवस प्रश्न, आणि खटला हरला. पुढच्या वर्षी कॅन्सर, एक फुप्फुस काढावं लागलं. मला हे वाचताना फार त्रास झाला.

पाऊसवेडी
तुम्ही दोघंही त्या ऑपरेशननंतरचं विसरताय. १९५५च्या उन्हाळ्यात बरा होत असताना तो डब्लिनच्या ग्रँड कॅनॉल या कालव्याच्या काठावर बसायचा, गवत, पाणी, हंस बघत, आणि त्यातून ज्या कविता आल्या त्यात राग उरलेलाच नाही, साध्या गोष्टींपुढे हात जोडलेत त्यानं. माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा कॅव्हना, आणि तो शहरातच सापडला.

बांधावरून
कालव्याच्या कविता सुंदरच आहेत, मान्य. पण तिथेही तो बघतो काय तर गवत आणि पाणीच, म्हणजे शेतकऱ्याची नजर सुटलेली नाहीच. १९६७ला गेला तेव्हा पुरलं तेही इनिस्कीनलाच.

निळीशाई
पुरलं तिकडे, पण त्यानं कवितेत मागितलं होतं काय? थडगंबिडगं नको, येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला कालव्याकाठी एक बाक ठेवा. मित्रांनी १९६८च्या मार्चमध्ये तो बसवलासुद्धा, डब्लिनमध्ये.