सातारा ते वाई भटकंती: मधोमध योगकेंद्राचा मुक्काम घ्यावा की नाही?

घाटवाट:
हिवाळ्यात सातारा ते वाई अशी सहा दिवसांची भटकंती आखणारे बरेच जण असतात, म्हणून हा विषय मांडतोय. वाट अशी: पहिल्या दिवशी सज्जनगड आणि ठोसेघर, दुसऱ्या दिवशी कासच्या पठारावरून बामणोली. तिसऱ्या दिवशी कोयनेच्या जलाशयातून लाँचने वासोटा किल्ला करून परत बामणोली. चौथ्या दिवशी लाँचनेच तापोळा, तिथून जीपने महाबळेश्वर आणि पुढे पाचगणी. पाचगणीच्या आसपास एखाद्या योगकेंद्रात दोन रात्री, आणि सहाव्या दिवशी पसरणी घाटाने वाईत उतरून कमळगड.

माझं मत असं की योगकेंद्राचा मुक्काम नेमका इथेच, मधोमध हवा. तीन दिवसांनी सॅक खांद्यावरून उतरते, पाय मोकळे होतात, आणि कमळगड ताज्या पायांनी होतो. शेवटी ठेवला तर लोक परतीच्या गाडीच्या घाईत असतात. सुरुवातीला ठेवला तर शरीर थकलेलंच नसतं.

आणखी एक: कासची फुलं आणि वासोटा एकाच सहलीत बसवायचा हट्ट करू नका. फुलं सप्टेंबरातली, आणि वासोटा पावसाळ्यात बंद असतो. ही वाट नोव्हेंबर ते फेब्रुवारीची आहे.

कातळकडा:
घाटवाट, वाट उत्तम आखली आहे, पण मुक्कामाबद्दल पूर्ण असहमत.

वासोट्याची चढण दोन ते अडीच तासांची, पण पाय मोडतात ते उतरताना. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात. स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी वजनही पेलत असतो. त्यात बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही, बारा-चोवीस तासांनी सुरू होतं आणि 24 ते 72 तासांत शिगेला पोहोचतं. म्हणजे चौथा-पाचवा दिवस, नेमके तुमच्या योगकेंद्राचे. तिथे पहाटे पाचला उठवून थंडगार फरशीवर दीड तास आसनं घेतली की भरलेल्या मांड्या आणखी भरतात. ताण दिल्याने हे दुखणं लवकर जात नाही. त्याला झोप, हलकं चालणं आणि वेळ लागतो.

त्यात जेवणानंतर वज्रासनात बसवतात. वासोटा उतरून आलेल्या माणसाला ते पाच मिनिटंही जमत नाही, आणि लाजेखातर बसला तर दुसऱ्या दिवशी गुडघा बोलतो.

त्यापेक्षा तापोळ्याला एखाद्या घरगुती मुक्कामात एक दिवस थांबा. सोळशी आणि कोयनेच्या संगमाकाठी सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरा, दुपारी झोपा. पैसे गावातल्या माणसाच्या हातात जातात, आणि शरीराला हवं ते मिळतं.

पहाटवारा:
कातळकडा, दुखण्याचं गणित तुम्ही बरोबर मांडलंत. पण त्यावरून केंद्र नकोच, असं होत नाही. केंद्रात काय करायचं हे ठरवून जायला हवं.

मी योग शिकवते. ट्रेकवरून आलेल्यांसाठी पहिल्या दिवशी वेगळा क्रम लागतो. भिंतीला नितंब टेकवून पाय वर, पाच ते दहा मिनिटं. पाठीवर झोपून एकेक पाय दोरीने वर घेणं, गुडघा किंचित वाकवून. दोरी नसली तर उपरणं चालतं. मग पाठीवरच गुडघे छातीशी, डावी-उजवीकडे पिळा, आणि शेवटी पंधरा मिनिटं शवासन अंगावर घोंगडी घेऊन. वज्रासनाचा आग्रह धरलाच तर पोटऱ्या आणि मांड्यांच्या मध्ये दुमडलेलं ब्लँकेट ठेवायचं, नाहीतर सरळ मांडी घालून बसायचं. कपोतासनासारखी गुडघा आडवा करणारी आसनं टाळायची. उतारावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा आधीच तापलेला असतो.

खरा धोका आसनांचा नाहीच, शरीरशुद्धीच्या क्रियांचा आहे. बऱ्याच शिबिरांत शंखप्रक्षालनाचा दिवस असतो. कोमट मिठाचं पाणी पेला-पेला पिऊन ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन आणि उदराकर्षण अशी पाच आसनं करायची, पोट साफ होईपर्यंत. लघु प्रकारात सहा पेले, पूर्ण प्रकारात सोळा किंवा त्याहून जास्त. त्यानंतर तास-पाऊण तासाने तूप घातलेली मऊ खिचडी, आणि विश्रांती. पूर्ण प्रक्रियेनंतर कित्येक दिवस दूध, तिखट, तळलेलं बंद. हे करून दुसऱ्या दिवशी सॅक घेऊन कमळगडाला निघणं म्हणजे पाणी आणि क्षार गमावलेल्या शरीराला उन्हात चढवणं. चक्कर, पेटके, उलट्या होतात त्या इथेच. रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांनी तर या क्रियेच्या जवळही जाऊ नये.

जलनेतीचंही, म्हणजे नाकातून मिठाचं पाणी काढण्याचंही, तसंच. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा थोडं कमी. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. टाक्यातलं, झऱ्याचं किंवा थेट नळाचं पाणी नाकात घालायचं नाही. दोन-तीन दिवस उघड्यावर काढलेल्या माणसाच्या हातात ते सहज येतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

तेव्हा बुकिंग करण्याआधी चार प्रश्न विचारा. दोन रात्रीच राहता येतं का? क्रिया ऐच्छिक आहेत का? सकाळचा वर्ग एकच असतो की थकलेल्यांसाठी वेगळा? ओल्या कपड्यांना आणि बुटांना वाळायला जागा आहे का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण पाचगणीत डिसेंबरात रात्रभरात काहीही वाळत नाही.

सड्यावरची:
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे, आणि तो ठाम आहे.

काही शिबिरं कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, 'सूर्योदय योग'च्या नावाखाली गट नेतात. कासचा सडा म्हणजे जांभ्या खडकावर जेमतेम काही इंच माती. पावसात ती पाण्याने तुडुंब भरते आणि तिच्यात नत्र इतकं कमी असतं की सीतेची आसवं ही वनस्पती मातीतल्या मुळांसारख्या तंतूंवरच्या फुग्यांत बारीक जीव पकडून नत्र मिळवते. तिची निळी-जांभळी फुलं चपलेखाली दिसतसुद्धा नाहीत. वीस मॅट अंथरल्या की वीस वेळा जवळपास पावणेदोन मीटर लांब आणि दोन फूट रुंद पट्टे दाबले जातात. गेंद, तेरडा, कवला, सगळंच. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. त्या हंगामात मोडलेल्या झुडपाचं बी त्या फेरीला गेलंच.

फुलं संपली की जागा मोकळी, असंही नाही. कंद आणि बिया त्याच पातळ मातीत असतात. 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात आल्या, त्यांत कास आहे. तिथे चालायला आखलेली वाट आहे, तीवरून चालावं. आसनं कराविशी वाटली तर रस्त्याकडेला, डांबरावर.

घाटवाट:
सड्यावरची, शंभर टक्के मान्य. या वाटेत कास फक्त ओलांडायचं आहे, आसनांसाठी नाही.

पहाटवारा, शंखप्रक्षालनाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तो आधीच विचारून घ्यायला हवा.

पण कातळकडा, तापोळ्याला दिवसभर आराम म्हटलं की बहुतेक जण आराम करत नाहीत. बोटिंग, फोटो, रात्री जागरण. केंद्रात रात्री नऊला दिवे मालवतात, मोबाईल बाजूला पडतो. मध्ये मुक्काम हवा म्हणतो त्याचं अर्धं कारण हीच झोप आहे.

कातळकडा:
झोपेचा मुद्दा मान्य. तरी दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्यात.

पहिली, वजन. योगाच्या नावाखाली लोक 6 मिमीची मॅट बांधतात, ती किलोभराची. वर वेगळे कपडे, वेगळी चप्पल. साठ किलोच्या माणसाने बारा किलोच्या वर सॅक नेऊ नये, आणि तंबू नसेल तर आठ-नऊ किलोत सगळं बसतं. मॅट केंद्रातली वापरा. ट्रेकची फोमची कॅरीमॅट आसनांना चालत नाही, अधोमुख श्वानासनात हात सरकतात. सॅक भरताना जड सामान पाठीला चिकटून, मध्यावर. कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर टेकला पाहिजे, पोटावर नाही. तो वर चढला की सगळं ओझं खांद्यावर येतं, आणि मग योगकेंद्रात पहिली तक्रार मानेची असते. पायांची नंतर.

दुसरी, वासोट्याची वेळ. वनखात्याची परवानगी बामणोलीतच काढायची, ओळखपत्र सोबत ठेवायचं. पायथ्याला मेट इंदवलीपर्यंत लाँचला तास-दीड तास लागतो. गडावर मुक्काम नाही, आणि संध्याकाळी पाचच्या आत जंगलाबाहेर यावंच लागतं. ज्यांनी सकाळी लाँच उशिरा धरली ते घाईने उतरतात, आणि घाईने उतरलेल्यांचेच गुडघे जातात. पहाटवारांच्या पहिल्या दिवसाच्या आसनक्रमाची गरज निम्मी कमी करायची असेल तर सकाळी पहिल्या लाँचने जा आणि उतरताना छोटी पावलं टाका, गुडघा पूर्ण ताठ न ठेवता.

शिदोरी:
जेवणाबद्दल कुणी लिहिलं नाही. सात्त्विक जेवण छानच, पण काही ठिकाणी मीठ फार कमी असतं. तीन दिवस घाम गाळून आलेल्या माणसाला मीठ लागतं. मीठ-जिऱ्याचं ताक मागून घ्या, किंवा ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पाणी कमी घातलं तर उलट त्रास होतो.

वाटेवर दशम्या, गूळ-शेंगदाणे आणि माणशी तीन लिटर पाणी. वासोट्याच्या पायथ्याला ओढा आहे. पण मधल्या चढणीवर भरवशाचं पाणी नाही, बाटल्या खालीच भरा. सकाळच्या आसनांआधी पोट रिकामं ठेवायचं हे ठीक, पण कमळगडाच्या दिवशी रिकाम्या पोटी निघू नका.

औंधची वाट:
योग शिकायला पाचगणीच का, हा माझा प्रश्न. सूर्यनमस्कारांचा आधुनिक प्रसार ज्यांनी केला ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, आणि औंध याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेलं संग्रहालय आजही बघता येतं. सज्जनगडावर भक्तनिवास आहे, दुपारचा प्रसाद आहे, पहाटेची काकड आरती आहे. पहिलाच मुक्काम तिथे करा. पहाटे सहा सूर्यनमस्कार संथ घाला, अश्वसंचालनात मागचा गुडघा दुमडलेल्या चादरीवर टेकवा, आणि ठोसेघरला निघा. रोज एवढंच केलं तर सहा दिवसांत छत्तीस होतात, केंद्राची गरजच उरत नाही.

पहाटवारा:
औंधची वाट, सहा सूर्यनमस्कार रोज, उत्तम. फक्त वासोट्याच्या दुसऱ्या दिवशी ते गाळा, किंवा तीनवर आणा. अश्वसंचालनात पुढच्या पायाच्या मांडीवर ताण येतो, आणि ती मांडी तेव्हा दुखायला लागलेली असते.

केंद्राच्या बाजूने माझं एवढंच राहतं की चुकीचं करताना थांबवायला तिथे कुणीतरी असतं. सज्जनगडावर एकट्याने केलेल्या नमस्कारात कंबर खाली झुकली तर कोण सांगणार?

कातळकडा:
हे मात्र पटलं. तरी दोन रात्रींऐवजी एकच ठेवा, आणि ती मोकळी झालेली रात्र वाईत काढा. कमळगड पायथ्याच्या वासोळे गावाकडून पहाटे लवकर सुरू करता येतो, पाचगणीहून उतरत बसावं लागत नाही. वर गेरूच्या विहिरीत उतरायच्या पन्नासएक पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, तांबडी माती बुटाला चिकटते. त्या उतरताना मांड्या दुखत असतील तर भिंतीला हात लावून, एकेक पायरी.

घाटवाट:
एक रात्र केंद्रात, एक वाईत, हे मी पहिल्या पोस्टमध्ये बदलतो. केंद्र एका रात्रीसाठी घेतं का, हे विचारून घ्यावं लागेल. बरीचशी घेत नाहीत, निदान दोन रात्री मागतात. तसं झालं तर केंद्र सोडून ती रात्र सज्जनगडावर वाढवायची, की तापोळ्याला? सड्यावरची, तुम्ही त्या बाजूला जात असता, तुमचं मत हवंय.

सड्यावरची:
तापोळा. सज्जनगडावर सुट्टीच्या दिवसांत गर्दी असते, पहिल्या रात्री झोप होत नाही. तापोळ्याला बुधवार-गुरुवारी जा, शनिवार-रविवार टाळा.