माठ झिरपतोय का? आपल्याकडचा उन्हाळा आणि उपाय (अनुभव धागा)

कौलारू_शहापूर
आज बाजारात खानापूरच्या माठांनी भरलेली हातगाडी दिसली आणि उन्हाळा लागल्याचं पक्कं झालं. त्या ओल्या मातीच्या वासावरूनच हा धागा काढतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, जिथून असाल तिथून लिहा. फक्त "भरपूर पाणी प्या" एवढंच नको, ते सगळ्यांना माहीत आहे. नेमकं काय करायचं, किती घालायचं, कुठे चुकतं, ते सांगा.

सुरुवात माठापासून. खानापूरला मडक्यांची परंपरा जुनी, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. माठ घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर भट्टी नीट लागलीय. बद्द आवाज आला तर तडा तरी आहे नाहीतर कच्चा तरी. रंगवलेला, चकचकीत, फुलं काढलेला माठ शोभेला घ्या, पाण्याला नको. रंगाने छिद्रं बुजतात आणि पाणी झिरपलंच नाही तर थंड कशाने होणार? नवा माठ 24 तास पाण्यात बुडवून ठेवायचा. मग भरायचा आणि पहिले दोन-तीन दिवस ते पाणी झाडांना घालायचं, नाहीतर मातीची चव येते. साबण कधीच नको, माती साबण पिते आणि मग आठवडाभर फेस पाजते.

तिवई
ठेवायची जागा राहिली की. माठ थेट फरशीवर ठेवला तर बुडाला वारा लागत नाही. तिवईवर ठेवा, नाहीतर परातीत ओली वाळू घालून तिच्यावर. सावली आणि वाहता वारा दोन्ही हवं. फ्रिजशेजारचा कोपरा सगळ्यात वाईट, त्याच्या मागून गरम हवा येते. बऱ्याच घरात नेमका तिथेच असतो 🙂

बोअरचं_पाणी
दोन महिन्यांनी माठ "म्हातारा" होतो म्हणतात ना, ते क्षारामुळे. बोअरचं जड पाणी झिरपून बाहेर सुकतं, पांढरा थर बसतो, छिद्रं बंद. तो थर दिसला की माठ रिकामा करून बाहेरून नुसत्या काथ्याने घासा आणि उन्हात कडक वाळवा. थोडा सुधारतो. पूर्ववत होत नाही, पुढच्या वर्षी नवा घ्यायचाच. नळाचं पाणी भरलं तर जास्त टिकतो.

अथणीची_ज्वारी
तुम्हा बेळगावकरांचा उन्हाळा म्हणजे आमचा फेब्रुवारी 😄 तरी सांगते. अथणी, रायबागकडे कोरडं ऊन, त्यामुळे माठ, वाळा, कूलर सगळं झकास चालतं. तेच खानापूर-जांबोटीकडे नेलं की रडतं. हवेत आधीच ओल असली तर पाणी उडणार कुठे? ओला टॉवेल दोरीवर टाकून बघा. तासाभरात सुकला तर कूलर घ्या. तसाच ओला राहिला तर पैसे पंख्यावर घाला.

पंप_बंद_ठेवा
ताईंचं शंभर टक्के बरोबर. त्यात आकड्यांची भर. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर पाणी उडवून हवा फार तर 22-23 पर्यंत उतरू शकते. कूलर तिथपर्यंत पोचत नाही, पण 27 च्या आसपास देतो. हवा 36 आणि आर्द्रता 50 टक्के असेल तर तळच 27 चा, कूलर 29 देणार आणि वर अंग चिकट. म्हणून वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी कूलरचा पंप बंद, नुसता पंखा चालू.

आणि कूलर बंद खोलीत लावणारे खूप जण आहेत. कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेर. समोरची खिडकी किंवा दार चार बोटं तरी उघडं पाहिजे. ओली हवा बाहेर गेली नाही तर पंधरा मिनिटांनी घाम पुसत बसाल आणि दोष कूलरला.

गल्लीतला_वायरमन
कूलरवाल्यांनो, आधी अर्थिंग बघा. लोखंडी बॉडी, खाली पाणी, आत मोटर. तीन पिनचा प्लग असतो पण सॉकेटला अर्थिंगची वायरच नसते, जुन्या घरात हे सर्रास. पाणी भरताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर बंद असूनही आत करंट असतो. बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तो कूलर त्या दिवशी लावायचाच नाही.

डास_मारतो
टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, कडा घासून, वाळवायची. नुसती वरून भरत राहिलात तर डेंग्यूचा डास तिथेच पिढी वाढवतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात आणि सुकून महिनोन्महिने टिकतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. फ्रिजच्या मागची ताटलीसुद्धा.

वाळा_वास
गवताची जाळी की मधमाशीच्या पोळ्यासारखी? गवत स्वस्त, दर वर्षी बदलायचं. पोळ्याची जाळी तीन-चार वर्षं जाते पण बोअरच्या पाण्यात क्षार बसून दगड होते. वाळ्याची लावलीत तर रात्री सुकू द्या, सतत ओली राहिली तर सुगंध जाऊन कुबट वास मारते.

निपाणी_नाका
अहो कूलर सोडा, पत्र्याच्या घराचं बोला. दुपारी 2 वाजता पत्र्याला हात लावून बघा.

पाचट
पत्र्यावर उसाचा पाला टाका की. चिकोडी-निपाणीकडे पाल्याला काय तोटा, तोडणी संपली की शेतात पडलेलाच असतो. पण नीट टाका. वीतभर जाड थर. त्याहून पातळ असेल तर उन्हं आत येतात. वरून आडव्या-उभ्या दोरीची जाळी करून कडेला दगड बांधायचे. तीन गोष्टी चुकतात. चुलीच्या धुराड्याजवळ पाला नको, ठिणगी पुरते, हातभर जागा मोकळी सोडा. उंदीर घर करतात, म्हणून महिन्यातून एकदा हलवा. आणि वळवाचं वारं सुटायच्या आधी दोऱ्या तपासा, नाहीतर पाला शेजाऱ्याच्या अंगणात आणि भांडण तुमच्या दारात.

शेडनेट लावणार असाल तर पत्र्याला चिकटवू नका. दीड-दोन फूट वर, खालून वारा खेळला पाहिजे.

कौलारू_शहापूर
वडगाव, खासबागच्या यंत्रमागांच्या शेडला काय करतात? तिथे मागांची उष्णता आणि पत्र्याची, दोन्ही.

धोटा
शेडच्या वरच्या टोकाला गरम हवा जायला वाट लागते. दोन्ही टोकांच्या भिंतींत, पत्र्याच्या लगेच खाली झरोके. खाली खिडकी आणि वर झरोका अशी जोडी जमली की हवा आपोआप चढते. जमिनीवर पाणी मारतात ते नुसतं गारव्यासाठी नसतं, हवा फार कोरडी झाली की सुती धागा तुटतो. पंखा मात्र थेट मागावर मारू नका, तूस उडून सगळं फणीत बसतं.

चुनकळी
स्लॅबवाल्यांसाठी. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री 8 नंतर खोलीत ओकतो, म्हणून रात्री जास्त उकडतं. चुना मारा. 1 किलो चुनकळीला (म्हणजे अजून न विरवलेल्या चुन्याच्या खड्यांना) साधारण 5 लिटर पाणी. आधी पाणी, मग त्यात चुनकळी थोडी थोडी. उलट करू नका, चुनकळी विरताना उकळी फुटते, उडून डोळ्यात गेली तर डोळा जातो. प्लास्टिकची बादली वितळते, पत्र्याचा डबा घ्या. चष्मा आणि हातमोजे घालाच. रात्रभर मुरू द्या, सकाळी गोणपाटातून गाळा, डिंकाचं पाणी किंवा फेविकॉल मिसळा म्हणजे हाताला लागत नाही. गच्ची झाडून, ओली करून मग पहिला हात. सुकला की दुसरा आडवा. ऊन चढायच्या आधी, सकाळी 9 पर्यंत उरका. तापलेल्या स्लॅबवर चुना लगेच सुकतो आणि पापुद्रे निघतात.

वळवाच्या पहिल्या दोन सरींत थोडा धुऊन जातो. पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर तो पहिला पाऊस बाहेर सोडा.

गच्चीवर_वाळवण
मग पापड-सांडगे कुठे घालायचे? चुन्यावर? 😐

चुनकळी
खाटेवर घाला की वहिनी. खालूनही वारा लागतो.

अथणीची_ज्वारी
आणि दुपारी 4 ला गच्चीवर पाणी मारणाऱ्यांनी थांबा. तापलेल्या स्लॅबला गार पाणी म्हणजे केसासारख्या भेगा, पावसाळ्यात गळती. ऊन कलल्यावर, सातनंतर मारा.

आंबीलवाली
खाण्यापिण्याचं कुणी बोलतच नाही! नाचण्याची आंबील. 4 मोठे चमचे पीठ 1 वाटी पाण्यात रात्री कालवून झाकून ठेवा, सकाळी किंचित आंबूस वास आला पाहिजे. 3 वाट्या पाणी मीठ घालून उकळा, मग एका हाताने पीठ ओता, दुसऱ्या हाताने ढवळा. थांबलात की गुठळ्या. मंद आचेवर 7-8 मिनिटं, पीठ चकचकीत दिसलं की शिजलं. पूर्ण गार झाल्यावरच 2 वाट्या ताक. गरमात घातलं तर फुटतं आणि वाटीत दही वेगळं, पाणी वेगळं. ठेचलेला लसूण, जिरं, बारीक कांदा. अथणीकडे हेच ज्वारीच्या पिठाचं करतात.

उन्हाळ्यात रात्रभर जास्त होतं कधी कधी. फार आंबट वास आला तर पुढच्या वेळी उशिरा भिजवा.

रातांबा
जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला कोकम. 10-12 आमसुलं 2 वाट्या कोमट पाण्यात तासभर, मग हाताने कुस्करायची. अल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात नको, आंबटाने कळकतं. डब्यात न्यायचं असेल तर नारळाच्या दुधाची सोलकढी नेऊ नका, दुपारपर्यंत नासते. बिननारळाची फुटी कढी टिकते.

गुळाची_ढेप
पन्ह्याचं प्रमाण? दर वर्षी विसरायला होतं.

आंबीलवाली
उकडलेल्या कैरीचा गर 1 वाटी असेल तर गूळ दीड वाटी, कैरी फार आंबट असेल तर 2. अर्धा चमचा वेलदोडा, चिमूटभर मीठ. पाणी न घालता काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये. ग्लासाला 2 चमचे गर. कैरी कुकरला लावताना डब्यात लावा, थेट पाण्यात फुटली तर अर्धा गर पाण्यात जातो.

कुंदा_पार्सल
धाग्याला सोडून एक प्रश्न, मे मध्ये रात्रीच्या बसने पुण्याला कुंदा (आपली खव्याची मिठाई) नेला तर टिकेल ना?

पेठेतला_खवा
रात्रीत टिकतो. गरम असताना डबा बंद करू नका, वाफेचं पाणी सुटून तिथूनच आंबतो. पूर्ण गार करून, डबा कागदात गुंडाळून पिशवीत वरच्या बाजूला. पोचल्यावर लगेच फ्रिज. बसच्या डिकीत अजिबात नको.

सरकारी_नर्स
एक महत्त्वाचं. ऊन लागलेल्या माणसाला नुसतं पन्हं पाजत बसू नका. अंग तापलंय आणि माणूस बडबडतोय, गोंधळलाय, झटका आला किंवा शुद्ध हरपलीय तर तो उष्माघात. लगेच 108. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतत राहा आणि पंख्याने वारा घाला. बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, श्वासनलिकेत जातो. तापाची गोळी इथे कामाची नाही, हा ताप तसला नव्हे.

नुसता थकवा, घाम, पेटके असतील तर मीठ-साखरेचं पाणी चालतं. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलांना धोका. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. बीपी, मूत्रपिंड, साखर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून.

निपाणी_नाका
आणि खिशात कांदा?

सरकारी_नर्स
खिशातल्या कांद्याने खिशाला वास येतो. भाकरीबरोबर खा.

गल्लीतला_वायरमन
पंखा हळू फिरतोय म्हणून नवा घ्यायला पळू नका. दहापैकी सात वेळा कपॅसिटर गेलेला असतो, छताच्या पंख्याला बहुतेक 2.5 मायक्रोफॅरडचा. मेन बंद करून बदला. मोठ्या आकड्याचा टाकला तर जोरात फिरेल असं वाटतं, फिरतोही, पण वाइंडिंग तापून जळतं. संध्याकाळी सगळ्या गल्लीचेच पंखे मंदावले तर मात्र व्होल्टेज कमी, त्याला कपॅसिटर काय करणार.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी उन्हाळ्यात महिन्याला बघा. डिस्टिल्डच घाला, नळाचं घातलं की प्लेटा गेल्याच. 150 एएचच्या चांगल्या बॅटरीवर 75 वॅटचे दोन जुने पंखे आणि एक दिवा साधारण 7-8 तास. 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणारे, रिमोटवाले नवे पंखे) असतील तर जवळपास दुप्पट.

तिवई
वायरमन दादा, बीएलडीसीचा रिमोट हरवला तर काय करायचं?

गल्लीतला_वायरमन
भिंतीवरच्या बटणाने चालू-बंद होतो. काही कंपन्यांच्यात बटण पटपट दाबलं की वेगही बदलतो. तोवर सोफ्याच्या फटीत बघा, तिथेच असतो.

पाचट
पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांनी मातीची उथळ थाळी घ्या, आत दोन-चार खडे टाका. नाहीतर मधमाश्या बुडतात.

तिवई
सापडला. सोफ्यातच होता 😄